टायमिंगचे मार्क जुळले म्हणजे टायमिंग जुळलं असं नसतं! कॅमशाफ्ट ‘डिग्री’ करणं म्हणजे नेमकं काय?

समजा एखाद्याने जुन्या गाडीचं इंजिन पूर्ण उतरवलं. ब्लॉक बोअरिंगला दिला, नवे पिस्टन आणि रिंगा टाकल्या, हेडचं फेसिंग करून घेतलं. एवढा खर्च होतोच आहे तर थोडी ताकदही वाढवू, म्हणून कंपनीच्या कॅमशाफ्टऐवजी बाहेरचा, जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट मागवला. टायमिंग चेन चढवताना दोन्ही गिअरवरचे ठिपके समोरासमोर आणले, सगळं आवळलं आणि चावी फिरवली.

गाडी चालू झाली. आवाज पण भारी येतोय. पण रस्त्यावर काढल्यावर कळतं की खालच्या आरपीएमला इंजिनात जीवच नाही. चढावर गिअर पाडावा लागतो, पेट्रोल जास्त पितंय. मग कार्बोरेटर उघडला जातो, प्लग बदलले जातात, इग्निशन पुढे-मागे करून बघितलं जातं. हे सगळं करून झाल्यावरही गाडी तशीच.

आणि ही झाली नशीबवान माणसाची गोष्ट. नशीब फिरलेलं असेल तर पहिल्याच स्टार्टला ‘टण्’ असा आवाज येतो आणि वाकलेला व्हॉल्व्ह, भोक पडलेला पिस्टन घेऊन पुन्हा लेथवाल्याच्या दारात उभं राहावं लागतं.

ठिपके तर बरोबर जुळवले होते. मग चुकलं कुठे?

ठिपक्यांवर विश्वास ठेवला, इथेच चुकलं. कॅमशाफ्ट खरोखर कुठल्या क्षणी व्हॉल्व्ह उघडतोय हे मोजून बघायचं एक काम असतं आणि ते बहुतेक वेळा कंटाळा करून सोडलं जातं. गाड्यांच्या वेडात असलेल्या लोकांच्या भाषेत या कामाला म्हणतात ‘कॅम डिग्री करणं’. ही डिग्री कॉलेजातली नाही, कंपासपेटीतल्या कोनमापकावरची आहे.

आधी थोडं इंजिनाबद्दल

कॅमशाफ्ट म्हणजे एक दांडा. त्यावर ठरावीक अंतरावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. दांडा फिरला की लोबचं टोक व्हॉल्व्हला दाबतं, व्हॉल्व्ह उघडतो. लोब पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा बंद करते. एवढंच काम. पण आत हवा-पेट्रोल कधी घ्यायचं आणि धूर कधी बाहेर सोडायचा, हे पूर्णपणे या दांड्याच्या हातात असतं.

जाता जाता एक गोष्ट. सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आणि शेंगा चटणी आठवते. पण त्याच सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स नावाची कंपनी आहे. ती १९९२ साली सुरू झाली आणि आज देशातल्या आणि परदेशातल्या नावाजलेल्या कार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या गाडीच्या पोटात सोलापूरचा दांडा फिरत असण्याची शक्यता चांगलीच आहे.

तर चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्ट दोन वेळा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. दोघांना जोडायला चेन, बेल्ट किंवा थेट गिअर असतात. शाळेत शिकवतात की पिस्टन खाली जाताना इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, पिस्टन तळाला पोहोचला की बंद होतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. पिस्टन तळाला जाऊन परत वर यायला लागतो तरी इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा असतो.

का? दादरला संध्याकाळची लोकल आठवा. गाडी हलायला लागते तरी मागून आलेला लोंढा आत शिरतच असतो, कारण त्या गर्दीला वेग मिळालेला असतो. हवेचं पण तसंच आहे. इंजिन जोरात फिरत असेल तेव्हा आत येणाऱ्या हवेला इतका जोर असतो की पिस्टन वर यायला लागला तरी ती आत घुसत राहते. व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद केला तर जास्त हवा मिळते आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद.

पण तीच लोकल दुपारी तीनची असेल तर? गर्दी नाही, मागून रेटा नाही. दार उघडं ठेवून उपयोग शून्य, उलट आतलाच एखादा बाहेर ढकलला जायचा. कमी आरपीएमला नेमकं हेच होतं. हवेला जोर नसतो, वर येणारा पिस्टन आत आलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. कॉम्प्रेशन पडतं आणि इंजिन मेल्यासारखं वागतं.

म्हणून कॅम ‘पुढे’ केला, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडून लवकर बंद होतील असा बसवला, की खालच्या आरपीएमची ओढ वाढते. ‘मागे’ केला की खालची ओढ जाते आणि ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. वरच्या गोष्टीतल्या गाडीचा कॅम बहुतेक मागे पडलेला आहे.

आता हा सगळा खेळ किती बारीक आहे बघा. ६,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा फक्त १० मिलिसेकंदात होतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. यात ४ अंशांचा फरक म्हणजे सेकंदाचा साधारण नऊ हजारावा भाग. एवढ्या फरकाने इंजिनाचा स्वभाव बदलतो.

पण कंपनीने ठिपके दिलेत, ते काय उगाच?

उगाच नाही. कंपनीचा कॅम, कंपनीचा गिअर, कंपनीच्या मापाचा ब्लॉक असेल तर ठिपके पुरेसे असतात. लाखो गाड्या त्यावरच चालतात. गडबड होते ती वेगवेगळ्या ठिकाणचे भाग एकत्र आले की.

कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला गिअर बसवायला पिन किंवा चावीची खाच असते. लोब घासताना त्या खाचेच्या मानाने अर्धा-एक अंश इकडेतिकडे होऊ शकतो. गिअरमधलं पिनचं भोक थोडं सरकलेलं असू शकतं. क्रँकवरची खाच, तिच्यातली चावी, चेनची लांबी, या सगळ्यांत थोडाथोडा फरक असतो. प्रत्येक फरक एकटा किरकोळ. पण सगळे एकाच दिशेला पडले की बेरीज चांगलीच होते. कधी ते एकमेकांना खोडून काढतात आणि सगळं आपोआप बरोबर येतं. आपल्या इंजिनात यातलं काय झालंय हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

त्यात कधी कधी ठिपके मुद्दामच सरकवलेले असतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले तेव्हा तिथल्या काही कंपन्यांनी टायमिंगच मागे घेतलं. फोर्डच्या ४६० क्युबिक इंचाच्या व्ही-८ इंजिनातला टायमिंग सेट यासाठी बदनाम आहे. त्यात कॅम सुमारे ८ अंश मागे बसतो. हे इंजिन नव्याने बांधताना दुकानातून ‘ओरिजिनल मापाचा’ सेट आणला, तर तो उशीर पण ओरिजिनल मिळतो! ठिपके अगदी समोरासमोर आणि कॅम ८ अंश मागे.

तिसरं कारण मात्र आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये घडतं. रेडिएटरमधलं पाणी संपलं, इंजिन तापलं, हेड गॅस्केट उडालं, की हेड फेसिंगला जातं. पृष्ठभाग सपाट करायला थोडा धातू काढतात. पण ज्या इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्येच बसलेला असतो, म्हणजे आजच्या जवळपास सगळ्या गाड्यांमध्ये, तिथे हेडचा धातू गेला की कॅमशाफ्ट क्रँकच्या तेवढा जवळ येतो. बेल्टची ओढणारी बाजू तेवढी सैल पडते. टेन्शनर असतो दुसऱ्या बाजूला, तो ही सैल खेचून घेतो आणि कॅम थोडा मागे फिरतो.

किती? कॅमची पुली १०० मिमी व्यासाची धरा आणि हेडचा अर्धा मिलिमीटर गेला असं समजा. पुलीचा परीघ ३१४ मिमी. अर्ध्या मिलिमीटरने पुली साधारण ०.५७ अंश फिरते. कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, त्यामुळे क्रँकच्या हिशेबात कॅम १.१ अंश मागे पडला. रोजच्या गाडीला हे जाणवणारही नाही. पण त्याच हेडचं आधी एकदा फेसिंग झालेलं असेल, ब्लॉकही घासला असेल आणि त्यावर नवा तेज कॅम बसवायचा असेल, तर हा हिशेब करावा लागतो.

मोजमापाची सवय आली कुठून?

दुसरं महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात घरी परतलेल्या तरुणांना जुन्या गाड्या पळवायचं वेड लागलं होतं. त्यातला एक होता एड इस्केंदेरियन, आर्मेनियन कुटुंबातला पोरगा. त्याला आपल्या व्ही-८ साठी खास कॅम हवा होता, पण मागणी एवढी वाढली होती की महिनोन्‌महिने थांबावं लागणार होतं. थांबण्यापेक्षा त्याने एक जुनं ग्राइंडिंग मशीन विकत घेतलं, त्यात फेरफार केले आणि स्वतःच कॅम घासायला लागला. १९४६ मध्ये सुरू झालेला त्याचा हा उद्योग पुढे ‘इस्की कॅम्स’ म्हणून गाजला. १९६३ मध्ये अशा सुट्या भागांच्या उत्पादकांची ‘सेमा’ ही संघटना झाली, तिचा पहिला अध्यक्षही तोच.

बाहेरच्या कारागिराचा कॅम कंपनीच्या इंजिनात बसवायचा म्हटल्यावर तो नेमका कसा बसलाय हे बघायची जबाबदारी बसवणाऱ्याची झाली. म्हणून आजही नव्या कॅमच्या खोक्यात एक कागद येतो. त्याला कॅम कार्ड म्हणतात. व्हॉल्व्ह किती अंशांवर उघडायला हवा, किती अंशांवर बंद व्हायला हवा, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. बरेच लोक हा कागद खोक्याबरोबर कचऱ्यात टाकतात. खरं तर खोक्यातली ती सगळ्यात कामाची वस्तू.

आता प्रत्यक्ष काम

उदाहरणाला शेवरलेचं ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन घेऊ. या ‘स्मॉल ब्लॉक’ घराण्याचं पहिलं इंजिन १९५५ मध्ये आलं, ३५० आलं १९६७ मध्ये आणि २०११ मध्ये जनरल मोटर्सने या घराण्याचं दहा कोटीवं इंजिन बनवलं. घरच्या गॅरेजमध्ये बहुधा सगळ्यात जास्त वेळा उघडलं गेलेलं इंजिन हेच असावं. यात एकच कॅमशाफ्ट ब्लॉकच्या मधोमध असतो आणि पुश रॉड, रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह हलवतो.

सामान फार लागत नाही. अंशांच्या खुणा असलेली एक गोल चकती, एक डायल गेज, ते धरायला स्टँड आणि पिस्टनला अडवायला एक बोल्ट. चकती जितकी मोठी तितकं वाचायला सोपं. १६ इंची चकतीवर एक अंश साडेतीन मिलिमीटरचा होतो, ७ इंचीवर जेमतेम दीड. चकती क्रँकच्या पुढच्या टोकाला घट्ट बसवायची आणि ब्लॉकच्या एखाद्या बोल्टला तार बांधून तिचं टोक काट्यासारखं चकतीवर आणायचं. कपड्याच्या हँगरची तार यासाठी एक नंबर.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक सगळ्यात जास्त तिथेच फसतात. पिस्टन सर्वात वर कधी असतो, म्हणजे टॉप डेड सेंटर किंवा टीडीसी, हे शोधायचं.

वाटतं की यात काय अवघड आहे? डोळ्यांनी बघायचं, पिस्टन वर आला की थांबायचं. पण पिस्टन वर पोहोचला की क्षणभर रेंगाळतो. या ३५० इंजिनात स्ट्रोक आहे ८८.४ मिमी. हिशेब केला तर क्रँक टीडीसीपासून २ अंश पुढे गेल्यावर पिस्टन खाली उतरतो फक्त ०.०३५ मिमी. माणसाचा केस याच्या साधारण दुप्पट जाड असतो! म्हणजे डोळ्यांनी, स्क्रूड्रायव्हर घालून किंवा बोटाने अंदाज घेऊन टीडीसी शोधायला गेलं की तीन-चार अंशांची चूक अगदी आरामात होते. आणि सुरुवातच चुकली तर पुढचं सगळं मोजमाप तेवढंच चुकतं.

म्हणून वेगळी युक्ती करतात. सगळे प्लग काढायचे, पिस्टन थोडा खाली घ्यायचा आणि बोल्ट असा बसवायचा की पिस्टन टीडीसीला पोहोचायच्या आधीच त्यावर अडेल. हेड काढलेलं असेल तर ब्लॉकवर आडवी पट्टी टाकून, बसवलेलं असेल तर प्लगच्या भोकातून. मग पाना लावून हाताने क्रँक हळूच फिरवायचा. पिस्टन बोल्टला टेकला की चकतीवरचा आकडा लिहायचा. समजा तो ३८ आला. आता उलट्या बाजूने फिरवायचा, पुन्हा टेकेपर्यंत. समजा ३० आला. खरा टीडीसी या दोन्हींच्या बरोबर मध्ये असतो, म्हणजे दोन्हीकडे ३४-३४ यायला हवेत. क्रँक न हलवता काटा ४ अंशांनी सरकवायचा आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी तपासायचं. दोन्हीकडे सारखा आकडा आला की चकतीवरचं शून्य हाच खरा टीडीसी. मग बोल्ट काढून टाकायचा. तो विसरून इंजिन फिरवणारे पण असतात. आणि या कामात स्टार्टर मोटरला चुकूनही हात लावायचा नाही, बोल्ट पिस्टनमधून आरपार जाईल.

आता पाळी कॅमची. पहिल्या सिलिंडरच्या इनटेक लोबवर जो टॅपेट बसतो त्यावर डायल गेजची सुई टेकवायची. सुई टॅपेटच्या हालचालीच्या अगदी सरळ रेषेत हवी, तिरकी बसली तर आकडे खोटे येतात. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर त्याचा आतला भाग तेलावर दबतो, त्यामुळे मोजण्यापुरता घन टॅपेट वापरतात.

समजा कॅम कार्डवर लिहिलंय की इनटेक सेंटरलाइन १०६ अंश. याचा अर्थ, पिस्टन टीडीसीवरून निघून क्रँक १०६ अंश फिरला की इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला पाहिजे. हे तपासायला क्रँक फिरवत टॅपेट सर्वात वर आणायचा आणि डायल शून्यावर करायचा. पण लोबचं टोकही पिस्टनसारखंच रेंगाळतं, म्हणून इथेही दोन्ही बाजूंनी मोजून मध्य काढतात. टोकाच्या आधी ०.०५० इंच खाली, म्हणजे १.२७ मिमी, वर्कशॉपच्या भाषेत ५० थाऊ, तिथला आकडा घ्यायचा. मग टोक ओलांडून पुन्हा ५० थाऊ खाली आल्यावरचा. समजा आकडे आले ६८ आणि १४८. बेरीज २१६, निम्मे १०८.

कार्ड म्हणतं १०६, इंजिन म्हणतं १०८. कॅम २ अंश उशिरा आहे. आणि ठिपके? ते अजूनही समोरासमोरच आहेत.

मोजताना एक शिस्त पाळावी लागते. आकडा घेताना क्रँक नेहमी इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवायचा. हव्या त्या जागेच्या पुढे गेलं म्हणून जरासं मागे घेतलं की चेनमधला सैलपणा मध्ये येतो, क्रँक हलतो आणि कॅम तिथेच राहतो. अशा वेळी पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं. कंटाळवाणं आहे, पण एक-दोन अंशांचीच भानगड शोधतोय म्हटल्यावर इलाज नाही.

शिवाय आजकालचे बरेच लोब दोन्ही बाजूंनी सारखे नसतात. व्हॉल्व्ह झटकन उघडतो आणि जरा हळू बंद होतो. अशा लोबचा मध्य वरच्या पद्धतीने काढला तर तो थोडा फसवा येतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडण्याचा आणि बंद होण्याचा क्षणही स्वतंत्र बघतात. समजा कार्डवर लिहिलंय की ५० थाऊला इनटेक टीडीसीच्या ६ अंश आधी उघडतो आणि पिस्टन तळाला गेल्यानंतर ३८ अंशांनी बंद होतो. आपल्या इंजिनात ४ आणि ४० आले, म्हणजे दोन्ही गोष्टी २ अंश उशिरा होतायत. आधीच्या उत्तराशी जुळलं, प्रश्न मिटला. नाही जुळलं तर उघडण्या-बंद होण्याचे आकडे जास्त खरे धरायचे.

मग सरळ कसं करायचं?

बाजारात असे टायमिंग सेट मिळतात ज्यांच्या क्रँकवरच्या गिअरला एकाऐवजी तीन किंवा नऊ खाचा असतात. नऊ खाचांच्या सेटमध्ये दोन-दोन अंशांनी पुढे-मागे करता येतं. एक खाच बदलायची, तिच्यासाठी दिलेली खूण जुळवायची, काम झालं. तिरकी चावी किंवा कॅमच्या पिनवर बसणारी सरकवलेल्या भोकाची बुश हेही उपाय आहेत. एक अख्खा दात मात्र कधीच पर्याय नसतो. ४० दातांच्या कॅम गिअरवर एक दात सरकला तर क्रँकचे १८ अंश सरकतात.

दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात, म्हणजे एई८६ कोरोलातल्या प्रसिद्ध ४ए-जीई सारख्या ट्विन कॅममध्ये, मजा आणि डोकेदुखी दोन्ही दुप्पट. इनटेकचा कॅम वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा, दोघांना स्वतंत्र डिग्री करायचं. त्यासाठी लांबट खाचांच्या ॲडजस्टेबल पुल्या मिळतात. बोल्ट सैल करून पुलीच्या मानाने कॅम हवा तेवढा फिरवता येतो. फक्त पुलीवरच्या खुणा कॅमच्या अंशांत आहेत की क्रँकच्या, हे आधी बघायचं. क्रँकच्या हिशेबात २ अंश हवे असतील आणि कॅमच्या खुणांवर २ फिरवले, तर ४ फिरले.

एका कॅमच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधलं अंतर दांड्यावरच कोरलेलं असतं, ते बदलत नाही. ट्विन कॅममध्ये मात्र तेही बदलता येतं. त्यामुळे ‘अजून जरा इकडे, अजून जरा तिकडे’ करत बसायचा मोह होतो. आधी कार्डाप्रमाणे बसवावं, गाडी चालवून बघावी आणि मग काय ते प्रयोग करावेत.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर

आतापर्यंत जे बोललो ते ताकदीचं. खरी भीती वेगळीच आहे. टीडीसीच्या आसपास एक वेळ अशी येते की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद झालेला नसतो, इनटेक उघडायला लागलेला असतो आणि त्याच वेळी पिस्टन अगदी वर असतो. जास्त लिफ्टचा कॅम, फेसिंग करून खाली आलेलं हेड आणि मोठे व्हॉल्व्ह, सगळं एकत्र आलं की मधली जागा संपते.

कॅम पुढे केला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. मागे केला की एक्झॉस्ट जवळ येतो. म्हणजे टायमिंग सुधारायला गेलो आणि टक्कर घडवून बसलो असं होऊ शकतं. म्हणून कॅम हलवल्यावर ही जागा पुन्हा मोजलीच पाहिजे. साधारण संकेत असा की इनटेकला किमान ०.०८० इंच, म्हणजे २ मिमी आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच, म्हणजे अडीच मिमी मोकळं अंतर हवं. एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापतो, जास्त लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो.

मोजायची सोपी पद्धत म्हणजे मुलांच्या खेळण्यातली क्ले. पिस्टनवर व्हॉल्व्ह येतात तिथे तिचा थर द्यायचा, व्हॉल्व्हला चिकटू नये म्हणून वर तेलाचा हात फिरवायचा, जुनं गॅस्केट टाकून हेड आवळायचं आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. हेड काढून क्ले ब्लेडने कापायची आणि सगळ्यात पातळ जागी जाडी मोजायची. तेच खरं अंतर. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात इथेही घन टॅपेट हवा, नाहीतर टॅपेट दबतो आणि जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

मग हे प्रत्येकाने करायचं का?

नाही. घरच्या गाडीचा नुसता टायमिंग बेल्ट बदलायचा असेल तर कंपनीच्या खुणा आणि कंपनीची लॉकिंग टूल्स एवढंच पुरे. नव्या गाड्यांमध्ये तर तेलाच्या दाबाने कॅम चालू इंजिनातच पुढे-मागे होतो, तिथे चकती लावून बसण्यापेक्षा सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे जाणं शहाणपणाचं. बाहेरचा कॅम, बाहेरची पुली किंवा बऱ्यापैकी घासलेलं हेड-ब्लॉक, यातलं काहीही असेल तर मात्र मोजायलाच हवं. आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीत असे बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आणि पीयूसी या दोन्ही गोष्टी डोक्यात असू द्याव्यात.

एक-दोन अंशांचा फरक चालवताना कळेलच असं नाही. चार अंश जाणकाराला कळतात, आठ अंश कुणालाही कळतात. काही जण नवी चेन बसवताना कॅम मुद्दाम एक-दोन अंश पुढे ठेवतात, कारण चेन झिजून लांबली की कॅम आपोआप मागे पडत जातो.

पहिल्यांदा करणाऱ्याची या कामात एक अख्खी दुपार जाते. सगळं झालं की आलेले आकडे कॅम कार्डाच्या मागे लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी इंजिन उघडणारा माणूस दुसराच असू शकतो. मग चकती काढायची आणि स्टार्टर मारायच्या आधी पान्याने क्रँक हाताने निदान दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठेही अडल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही. तिथेच थांबायचं आणि पुन्हा उघडायचं.